गुरुवारपर्यंत कुणाला सांगायचं नाही

माझ्या नोकरीत घाबरायचा पगार मिळतो. गमतीनं सांगत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन मी संगणक उघडते आणि जगात आज कुठं काय फुटलंय ते वाचत बसते. वाचता वाचता चहा गार होतो. आमचे हे म्हणतात, "तू पेपर वाचतीस का मयताच्या बातम्या?" दोन्हीत फारसा फरक नसतो, हे त्यांना कोण सांगणार!

मूळची मी शिराळ्याची. ज्या गावात नागाचं नाव काढलं की माणसं छाती पुढं काढतात, त्या गावात मी गांडूळ दिसलं तरी कट्ट्यावर चढून बसायची. आई कपाळाला हात लावायची, "हिचं कसं व्हायचं गं बाई!" झालं ते असं झालं. भित्री म्हणून जिला सगळ्या आळीनं चिडवलं, तिला त्याच गुणावर नोकरी मिळाली.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की पाहुणे लगेच विचारतात, पुण्यात फ्लॅट कुठं घेतला आणि अमेरिकेला कधी जाऊन आलात. मी सांगलीतच असते, जेवणाच्या टेबलावर संगणक मांडते आणि पाहुणे आले की उचलून कपाटावर ठेवते. आणि मी सॉफ्टवेअर लिहीतही नाही. मी ते बांधते. आमच्याकडं हळदीचं कसं असतं बघा. पिकवणारा एक, शिजवून पॉलिश करणारा दुसरा आणि दळून, पाकिटात भरून, वर तारीख टाकून दुकानात पोचवणारा तिसरा. मी तिसरी. जगात कुठंतरी कुणीतरी एखादं सॉफ्टवेअर लिहितं. ते मी घेते, चाळते, आमच्या गिऱ्हाइकांच्या संगणकावर नीट बसेल असं बांधते आणि पाठवून देते. ह्याला पॅकेज म्हणतात. पुण्यातली एक छोटी कंपनी मला ह्याचे पैसे देते. तिची गिऱ्हाइकं म्हणजे दवाखाने, कारखान्यांची ऑफिसं, सेवा केंद्रं.

पाकीट दुकानात गेलं की हळदवाला मोकळा होतो. मी होत नाही. काही महिन्यांनी कुणीतरी कळवतं की त्या हळदीत काच निघाली. मग ज्या ज्या घरात ते पाकीट फुटलंय, तिथं तिथं जाऊन डब्यातनं काच काढायची, आणि तीही चुलीवर भाजी चालू असताना. ह्याला सुरक्षा अपडेट म्हणतात. लोकांना ते संगणकाच्या कोपऱ्यात एक छोटी सूचना म्हणून दिसतं आणि लोक "नंतर" वर बोट ठेवून मोकळे होतात. मग मी एकेकाला फोन लावत बसते.

माझ्याकडच्या पाकिटांत एक आहे, त्याला मी दुभाष्या म्हणते. खरं नाव रुक्ष आहे आणि ते इथं द्यायचं नाही असं माझं मीच ठरवलंय. दुभाष्याला ना खिडक्या, ना बटणं, ना रंग. काळा पडदा उघडायचा, हुकूम टाइप करायचा, पुढं मजकूर द्यायचा. मराठी दिलं की कन्नड मिळतं, कन्नड दिलं की मराठी मिळतं, इंग्रजी-हिंदीचंही तेच. इंटरनेट लागत नाही. दिसायला दरिद्री, पण कामाला वाघ.

वडूजला एक सुभेदार आबा आहेत. फौजेतनं आल्यावर त्यांनी सेवा केंद्र काढलं. माण-खटावातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांना पेन्शनची इंग्रजी पत्रं येतात, ती आबा दुभाष्याकडनं मराठी करून घेतात आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. अपडेट निघाला की मी कळवते आणि लगोलग फोन येतो. "म्याडम, हुकूम मिळाला, तामील झाली. नुकसान शून्य."

"आबा, अपडेट आहे, हल्ला नव्हे."

"फरक काय हाय म्याडम? दोन्ही सांगून थोडंच येत्यात?"

त्यांच्या उलट एका साखर कारखान्याच्या ऊस विभागातले भाऊसाहेब. सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांचे कन्नड अर्ज ते दुभाष्याकडनं मराठी करून घेतात. त्यांना मी कितीही वेळा फोन केला तरी उत्तर एकच. "ताई, गळीत हंगाम चालू हाय. चालत्या गाडीचं चाक काढू नगासा. पट्टा पडू द्या, मग बगू."

"भाऊसाहेब, चोर हंगाम संपेपर्यंत थांबंल का?"

"आवं, हितं गेटपातूर ट्रॅक्टरची रांग लागलीया. चोराला तरी आत शिरायला जागा कुठं हाय?"

ह्या दोघांच्या मधे सगळं जग बसतं. पण आज मला सांगायचंय ते मिरजेचं.

माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, मिरजेच्या एका दवाखान्यात मुख्य सिस्टर आहेत. मिरजेला अथणी, रायबाग, जमखंडीकडनं पेशंट येतात, हे काही नवीन नाही. आक्कांच्या दवाखान्यात कन्नड येणाऱ्या एक मावशी होत्या, त्या निवृत्त झाल्या. डॉक्टरांचं कन्नड "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवलात का, एवढ्यावर संपतं. पेशंट घरी जाताना गोळी कधी, सुई कधी, काय खायचं, काय नाही, हे लिहून द्यायचं कोणी? तेव्हा मीच आक्कांना दुभाष्या बसवून दिला. औषधांची नेहमीची वाक्यं आधी करून घेतली आणि दोन्ही भाषा येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडनं तपासून घेतली. आक्का मराठीत टाइप करायच्या, कन्नड चिठ्ठी छापून यायची. उलटंही चालायचं. तिकडच्या डॉक्टरांची कन्नड पत्रं मेलवर येतात, ती उचलून आक्का दुभाष्यात टाकायच्या आणि मराठीत वाचायच्या.

"नंदा, तुजं हे काळं यंत्र लय गुणाचं हाय बघ," त्या म्हणायच्या. "उलटून बोलत न्हाई, च्याला जात न्हाई." मी फुगायची. घरात माझं काम समजणारं आणि वर कौतुक करणारं ते एकच माणूस.

ती मेल आली तो श्रावणातला एक दिवस होता. दुभाष्या लिहिणारा माणूस परदेशात असतो. आम्ही कधी भेटलो नाही, पण कामाच्या चार ओळी एकमेकांना अधूनमधून लिहितो. त्यानं आम्हा बांधणाऱ्यांना, वेगवेगळ्या देशांतल्या थोड्या लोकांना, लिहिलं होतं. पहिलंच वाक्य होतं, पुढच्या गुरुवारपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही.

ह्या धंद्यातला हा रिवाज आहे, त्याला एम्बार्गो म्हणतात. दुभाष्यात भोक सापडलेलं असतं. नुसतं "भोक आहे" असं कुणी बोललं, तरी ते शोधायला वाईट हेतूची माणसं निघतात, आणि त्यांना ते बुजवणाऱ्यांपेक्षा आधी सापडतं. म्हणून सगळ्यांनी गुपचूप आपापलं पाकीट दुरुस्त करून ठेवायचं आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, सगळ्या जगात एकदम पाठवायचं. तोवर नवऱ्याला सांगायचं नाही, साहेबाला सांगायचं नाही, दुरुस्त केलेलं पाकीटही कुणाला द्यायचं नाही. कारण नवं आणि जुनं शेजारी ठेवून पाहिलं की भोक नेमकं कुठं होतं ते कळतं. कुणी फुटलं तर त्याला पुढं कुणी काही कळवत नाही, आणि मग त्याची गिऱ्हाइकं कायमची उघड्यावर.

भोक असं होतं. भाषांतराला दिलेल्या मजकुरात एखादा हुकूम एका विशिष्ट पद्धतीनं लपवला, तर दुभाष्या त्याचं भाषांतर करायचं सोडून तो हुकूम पाळायचा. बाहेरून आलेलं एक साधं पत्र तुमच्या संगणकाचं मालक व्हायचं.

मी मेल वाचली आणि मला मिरजेच्या खोलीतलं ते टेबल दिसलं. बाहेरच्या डॉक्टरांची पत्रं, मेलवर आलेली, आक्का उचलून दुभाष्यात टाकतायत. त्याच तारेला जोडलेल्या संगणकांत दवाखान्याचे सगळे पेशंट, त्यांचे तपास, कुणाला कुठलं रक्त, कुणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी. कुणी आत शिरून ते सगळं कुलूपबंद केलं, तर ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या माणसाचं काय?

मी दुरुस्ती केली. ती अवघड नव्हती. माझ्या संगणकावर नवं पाकीट तयार झालं, तपासून झालं. आता फक्त गुरुवारची वाट पाहायची. तीच तर अवघड गोष्ट.

मधे आक्कांकडं जेवायला गेलो. श्रावणातलं जेवण, वरणफळं. आक्का सांगत होत्या, "आज जमखंडीवाल्या डॉक्टरचं लांबलचक पत्र आलं. टाकलं तुज्या यंत्रात, झटक्यात मराठी." माझा घास तोंडातच राहिला. आमचे हे म्हणाले, "काय गं, खडा लागला?" मी म्हटलं, "ॲसिडिटी." समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यापाशी धोका आलेला दिसतोय आणि आपण भाताला तूप मागायचं, हा अनुभव कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शुक्रवारी आणखी एक निरोप आला. आमच्यातल्याच एकानं कळवलं होतं की त्याच्याकडच्या एका संगणकावर विचित्र मजकूर आलेला दिसतोय, खात्री नाही, पण कुणीतरी हे भोक वापरत असावं. "असावं" हा शब्द मी परत परत वाचला. मग मला राहवेना. मी आक्कांना फोन लावला.

"आक्का, ते यंत्र गुरुवारपर्यंत बंद ठेवा."

"का गं? काय झालं?"

"दुरुस्ती आहे."

"आगं, चालतंय की चांगलं."

"आक्का, माझं ऐका. पूर्ण बंद. वायर काढून ठेवा."

"बरं बाई," आक्का म्हणाल्या. "तू म्हंतीस तर बंद." एवढंच. पुढं काही विचारलं नाही, एवढा विश्वास.

तुम्ही म्हणाल, बाहेरची पत्रं तेवढी टाकू नका, असं सांगायचं होतं. ते मलाही सुचलं होतं. पण बाहेरच्या पत्रात धोका आहे असं म्हणणं म्हणजे भोकाकडं बोट दाखवणंच. आक्का डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर त्यांच्या संगणकवाल्याला, तो त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तोंड न उघडता मला बोलता येण्यासारखं एकच वाक्य होतं, ते म्हणजे बंद ठेवा. मी ते बोलले आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. ह्या गोष्टीतला तेवढाच भाग मला आजही सहन होत नाही.

रविवारी आक्कांचा फोन आला तो नागपंचमीच्या आणि इकडतिकडच्या गप्पांचा होता. मधेच त्या म्हणाल्या, "काल शिवव्वाला घरी सोडलं. अथणीच्या पुढची म्हातारी गं. साखर लय वाढलीती, इन्सुलिनची सुई सुरू केली डॉक्टरांनी."

"चिठ्ठी?" मी विचारलं.

"मराठीत दिली. यंत्र बंद न्हवं का? पोराला तोंडी सांगितलं. मल्लाप्पा. ट्रकवर असतो, त्याला मोडकंतोडकं मराठी येतं. व्हय व्हय म्हणत मान हलवली त्यानं."

"सुई कोण देणार घरी?"

"सून. गौरव्वा. तिला हितं सुई धरायला शिकवली की मी. हातानं दाखवली. तिला मराठी ठो कळत न्हाई, पण हात हुशार हाय तिचा."

"आक्का, उद्या सोमवार."

श्रावणी सोमवार. आमच्याइतकाच तिकडंही कडक पाळतात, त्या म्हातारीच्या वयाच्या बायका तर संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा बेतानंच पितात. आणि इन्सुलिनची सुई पोटात अन्न नसताना दिली तर साखर धाडकन खाली येते. माणूस आधी घामाघूम होतं, मग बरळतं, मग झोपी गेल्यासारखं पडून राहतं, आणि घरच्यांना वाटतं विश्रांती घेतंय. चिठ्ठीत ते वाक्य होतं. आधी जेवण, मग सुई. जेवण नाही तर सुई नाही. मराठीत, ठळक अक्षरात.

"मल्लाप्पाला तोंडी सांगितलंय की मी," आक्का म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बसला होता. दवाखान्यातल्या कागदावर मल्लाप्पाचाच नंबर होता. तो बंद. ट्रक घेऊन गडी कुठं गेला असेल कोण जाणे. बाकीच्या घरी सोडलेल्या कन्नड पेशंटांच्या घरात मराठी कळणारं कुणीतरी होतं. शिवव्वाच्या घरात नव्हतं. आम्ही संध्याकाळभर तो नंबर लावत राहिलो.

सोमवारी उजाडल्या उजाडल्या निघालो. गाडी मी चालवत होते. मी गाडी चालवते म्हणजे रस्त्याची माफी मागत चालवते. कागवाडच्या पुढं आक्का म्हणाल्या, "नंदा, सायकलवाला पुढं गेला बघ." एरवी मी हसले असते. मागच्या सीटवर टाकलेला लॅपटॉप प्रत्येक खड्ड्याला उडत होता. त्यात दुरुस्त केलेला दुभाष्या होता. तो कुणाला देता येत नव्हता, पण माझ्या संगणकावर मी वापरायला कुणाची बंदी नव्हती. हे मला शुक्रवारीच सुचायला हवं होतं. आक्कांनी चिठ्ठ्या मला फोनवर पाठवल्या असत्या, मी घरी बसून कन्नड करून दिल्या असत्या, एकाही माणसाचं अडलं नसतं. पण भीती वाटली की मला बंद करायचं सुचतं. चालू कसं ठेवायचं ते सुचत नाही.

गाव आलं. "शिवव्वा? मल्लाप्पा ट्रक?" एवढ्या तीन शब्दांवर घर सापडलं. दारात गौरव्वा, तिशीच्या आतली, हात पिठानं भरलेले. आक्कांना बघून हसली, ओळखीचं. आक्कांनी दंडावर सुई टोचल्यासारखं करून दाखवलं आणि भुवया उडवल्या, दिली का? गौरव्वानं अभिमानानं मान हलवली. दिली. मग आक्कांनी घास तोंडात घातल्यासारखा केला. गौरव्वानं हात जोडून आकाशाकडं दाखवलं आणि मान नकारार्थी हलवली. आज सोमवार.

म्हातारी आतल्या खोलीत चटईवर कुशीवर पडली होती. गौरव्वानं ओठांवर बोट ठेवलं, झोपलीय. आक्का आत शिरल्या त्या मी आयुष्यात कधी कुणाला शिरताना पाहिलं नाही तशा. कपाळावर हात ठेवला. कपाळ ओलं, लुगडं पाठीला चिकटलेलं. "शिवव्वा! शिवव्वा!" डोळे उघडले, पण आम्हाला बघत नव्हते. ओठ हलत होते. "साखर!" आक्का ओरडल्या. "नंदा, साखर आण, पाण्यात कालव!" स्वयंपाकघरात डबे ओळखीचे नव्हते. मी एक उघडला, मीठ. दुसरा उघडला, रवा. तिसऱ्याचं झाकण निघेना. गौरव्वानं माझ्या हातातनं डबा घेतला, साखर ओतली, भांड्यात ढवळली, तेव्हाही तिला कळलेलं नव्हतं काय चाललंय, पण ती आमच्यापेक्षा जलद होती.

आक्कांनी मांडीवर डोकं घेऊन घोट घोट पाजलं. थोडं बाहेर आलं, थोडं आत गेलं. मग म्हातारीनं गिळताना स्वतःहून भांडं धरलं. आणखी थोड्या वेळानं तिनं आमच्याकडं नीट पाहिलं आणि आधी काय केलं असेल तर भांड्यातली साखर बघून देवाकडं हात जोडले. उपास मोडला म्हणून.

आक्कांनी डॉक्टरांना फोन केला, भाकरी-दूध खायला घातलं, बोटातनं रक्त काढून साखर मोजली. शिवव्वा दरवेळी सुई दिसली की म्हणायची, "सूजी ब्याड, सूजी ब्याड." सुई नको. हे कळायला दुभाष्या लागत नव्हता.

मग मी लॅपटॉप उघडून चटईवर बसले. काळ्या पडद्यावर चिठ्ठीतली सगळी वाक्यं कन्नडमधे आणली. गौरव्वा माझ्या खांद्याशी बसून वाचत होती, ओठ हलवत. "जेवण नाही तर सुई नाही" ह्या ओळीवर ती थांबली. परत वाचली. तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिनं सासूकडं पाहिलं. सुई तिनंच दिली होती, तिच्या हुशार हातानं. ती रडायला लागली नाही. तिनं तिचा फोन काढला, माझा नंबर घेतला, टाइप केलं आणि मला पाठवलं. मी ते उचलून दुभाष्यात टाकलं. मराठीत आलं: "हे कन्नडमधे आम्हाला आधी का दिलं नाही?"

मी टाइप केलं, "यंत्र बंद होतं." तिला दाखवलं.

तिनं लगेच परत लिहिलं. "का बंद होतं?"

पडद्यावर ती ओळ आली आणि खाली तो चौकोनी ठिपका उघडमीट करत राहिला. चार भाषांत उत्तर देऊ शकणारं यंत्र माझ्या मांडीवर, आणि मला एकाही भाषेत उत्तर देता येईना. गुरुवार अजून लांब होता. वडूजचे आबा, कारखान्याचे भाऊसाहेब, मी न पाहिलेले कितीतरी दवाखाने, सगळे अजून उघडे होते. शेवटी लिहिलं, "मी बंद ठेवायला सांगितलं होतं."

गौरव्वानं वाचलं. माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं समजून घ्यायला पाहत होती, आणि माझ्याकडं समजून सांगण्यासारखं काही नव्हतं. मागं आक्का उभ्या होत्या. त्यांनीही ते वाचलं.

परतीच्या वाटेवर कागवाड मागं पडलं. तेव्हा आक्का म्हणाल्या, "दुरुस्ती न्हवती व्हय?"

"होती. पण..."

"सांगायचं न्हाई?"

"आत्ता नाही सांगता येत, आक्का."

"मग कवा?"

"गुरुवारी."

"गुरुवारी," आक्का म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

गुरुवारी अपडेट निघाला. आबांचा फोन आला, नुकसान शून्य. भाऊसाहेबांचा हंगाम नव्हता, त्यामुळं त्यांनीही कुरकुरत बटण दाबलं. मी मिरजेला गेले, आक्कांच्या यंत्राची वायर जोडली, नवं पाकीट बसवलं आणि दार लावून त्यांना सगळं सांगितलं. भोक काय होतं, मी का घाबरले, का बोलले नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे एकदाही "आगं" म्हणाल्या नाहीत.

"तुजा रिवाज बरोबर असंल," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं असतंस तर मी पोटात ठेवलं नसतं, हे बी खरं. पुन्यांदा असं झालं तर सांगशील?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. "नाही सांगता येणार, आक्का."

"मग येवढं कर. बंद ठिवा म्हणू नगंस. काय वाट्टंल ते कर, पण मला कारण न देता बंद ठिवा म्हणू नगंस. तुजी भीती तुज्याकडं ठेव. माज्याकडं पाठवू नगंस, हितं मानसं झोपलेली असत्यात."

शिवव्वा आता सुई घेते. आधी ताट समोर ठेवून घेते, म्हणजे गौरव्वा ठेवायला लावते. महिन्यातनं एकदा मिरजेला येते, आक्कांना भेटते, मला भेटायची वेळ आली तर पदर पुढं ओढून तोंड फिरवते. मला ते बरोबरच वाटतं.

हे मी आज का लिहिलं तेही सांगते. ह्या आठवड्यात दुभाष्याबद्दल पुन्हा एक मेल आली आहे. पहिलं वाक्य तेच. तुमच्या हातात हा अंक पडेल तोवर तो दिवस होऊन गेलेला असेल, त्यामुळं तुम्ही घाबरू नका. मी माझ्या संगणकावर दुरुस्ती करून ठेवली आहे. मेल आल्यापासून आक्कांना रोज म्हणते, कन्नड चिठ्ठ्या असतील तर माझ्याकडं पाठवा, मला काहीतरी काम हवंय. त्या पाठवतात, थोड्या. बाकीच्या त्यांच्याच यंत्रावर करतात.

आत्ता थोड्या वेळापूर्वी त्यांचा फोन आला. चकलीच्या भाजणीचं विचारायला. बोलणं संपलं आणि फोन ठेवायच्या आधी त्या थांबल्या. आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"नंदा, यंत्र चालू ठेवू न्हवं?"

पलीकडं दवाखान्यातली घंटा वाजली, कुणीतरी सिस्टरना हाक मारली.

"ठेवा, आक्का," मी म्हटलं. "चालू ठेवा."